पाणकणसातल्या फटाकड्या आणि पिवळा तापस: फोकस काडीवर जातो, पक्षी धूसर येतो

गोदाकाठ

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्याच्या काठाने पाणकणसाचे, म्हणजे पाण्यात उगवणाऱ्या उंच काड्यांच्या गवताचे, दाट पट्टे आहेत. तिथे बेलन्स क्रेक आणि रडी-ब्रेस्टेड क्रेक या दोन फटाकड्या (काड्यांत लपणारे छोटे पाणपक्षी) आणि जमलं तर पावसाळ्यात पिवळा तापस (बगळ्याच्या कुळातला), एवढंच टिपायचं आहे. शेकड्याने फोटो निघतात, पण ठेवण्यासारखा एकही नाही. सामान आणि सेटिंग देतो म्हणजे इथल्या जाणकारांना नेमकं सांगता येईल.

कॅमेरा निकॉन डी7500, लेन्स 200-500 एफ/5.6, पूर्ण उंचीचा ट्रायपॉड. ग्रुप-एरिया ऑटोफोकस, 1/1600, एफ/8, आयएसओ 5000 च्या आसपास. बांधावरून, पक्षी साधारण 25 मीटरवर. वेळ सकाळी साडेसात ते नऊ, जानेवारी.

अडचणी अशा:

1. दहातल्या आठ फोटोंत अलीकडची काडी तलवारीसारखी धारदार आणि मागे फटाकडीचा तपकिरी डाग.
2. उरलेल्या दोनात फोकस बरोबर वाटतो, पण पिसं विरघळल्यासारखी दिसतात.
3. वरून काढल्यामुळे पक्षी चिखलावर चिकटवल्यासारखा दिसतो.
4. मोबाइलवर पक्ष्याचाच आवाज वाजवला की तो बाहेर येतो असं दोघातिघांनी सांगितलं. करावं का?

---

गाळपेर

कॅमेऱ्याकडे नंतर येऊ. खरी चूक 25 मीटरमध्ये आहे.

हिशेब करून बघा. तुमच्या कॅमेऱ्यावर 500 मिमीला 25 मीटरवर फ्रेमची रुंदी जवळपास 1.17 मीटर पडते. बेलन्स क्रेक चोचीपासून शेपटीपर्यंत 18 सेंटीमीटर, म्हणजे आपल्या चिमणीपेक्षा थोडीच मोठी. फ्रेमच्या साडेपाच हजार पिक्सेलपैकी तिच्या वाट्याला साडेआठशे येतात. त्यात आयएसओ 5000 चा रवाळपणा. पिसं दिसणार कुठून? तीच फटाकडी 10 मीटरवर आली तर फ्रेम 47 सेंटीमीटरची होते आणि पक्ष्याला दोन हजारांहून जास्त पिक्सेल मिळतात. कुठलंही सेटिंग एवढा फरक पाडत नाही.

आता 10 मीटरवर जायचं म्हणजे पक्ष्याकडे सरकायचं नाही. पक्षी जिथे येणार तिथे आधी बसायचं. फटाकडी पाणकणसाच्या आत असताना तिचा फोटो होत नाही, हे एकदा मान्य केलं की निम्मा त्रास संपतो. ती बाहेर येते ती काड्यांच्या बुडाशी असलेल्या ओल्या चिखलाच्या पट्टीवर. अर्धा मीटर रुंद पट्टी तिला पुरते. तुम्हाला पक्षी नाही, पट्टी शोधायची आहे.

पट्टी कुठे मिळेल ते पाण्याच्या पातळीवर ठरतं. गोदावरी-कादवा संगमाजवळचा हा बंधारा पाटांसाठी बांधलेला, त्यामुळे पातळी आवर्तनाप्रमाणे वरखाली होते. दुर्बिणीतून काड्यांचं बूड बघा. पाणी नुकतंच उतरलं असेल तर प्रत्येक काडीवर पाण्याच्या रेषेच्या वर काळपट ओला पट्टा दिसतो, त्यावर शेवाळाचे धागे लोंबत असतात. हा पट्टा बोटभर असेल तर थांबा, वीतभर असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटेच जाऊन बसा. नव्या उघड्या पडलेल्या चिखलात किडे आणि गोगलगायी असतात, फटाकड्या त्यासाठीच येतात. दोनचार दिवसांनी चिखल वाळून भेगाळला की येणं कमी होतं. आणि पट्टा कोरडा, वाळून पांढरट झालेला असेल तर पाणी उतरून दिवस झालेत, तिथे बसू नका.

पट्टीवर एक फट निवडा, म्हणजे पाणकणसाच्या भिंतीतली हात-दोन हात रुंद मोकळी जागा. फटाकडी एका फटीतून निघते, पट्टीने चार-सहा पावलं चालते आणि पुढच्या फटीत शिरते. वाट बहुधा ठरलेली असते. चिखलात लांब बोटांच्या बारीक ठशांची रांग दुर्बिणीतून दिसते. दचकली तर उडत नाही, पळत आत शिरते, आणि तुम्ही हालचाल केली नाही तर बहुतेकदा पाच ते वीस मिनिटांत परत डोकावते. लोक नेमके दहाव्या मिनिटाला उठतात.

वेळ: साडेसात उशीर होतो. जानेवारीत उजाडायच्या आधी बसलेलं असावं. संध्याकाळी साडेपाचपासून अंधार पडेपर्यंत पुन्हा चांगली वेळ. ऊन चढलं की फटाकडी सावलीत मागे सरकते, मग जांभळ्या पाणकोंबड्यांवर हात साफ करा. त्या दिवसभर उघड्यावर असतात आणि काड्यांतून फोकस साधायचा सराव त्यांच्यावर फुकटात होतो.

---

भिंगवाला

गाळपेर यांनी अंतराचं सांगितलं, मी काडीचं सांगतो.

ग्रुप-एरिया बंद करा. या मोडमध्ये कॅमेरा गटातल्या बिंदूंखाली जे सगळ्यात जवळ असेल ते पकडतो. उडत्या बगळ्याला हे उत्तम, पाणकणसात हमखास घात. सिंगल-पॉइंट ठेवा, मधल्या 15 क्रॉस-टाइप (उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणाऱ्या) बिंदूंपैकी एक, आणि तो बिंदू डोळ्यावर ठेवायचा हट्ट धरू नका. मान आणि छाती जिथे मिळतात तिथे ठेवा. डोळा त्याच प्रतलात असतो आणि तिथे बिंदूखाली काडी यायची शक्यता कमी.

पुढची पायरी: अंगठ्याखालच्या एई-एल/एएफ-एल बटणाला एएफ-ऑन, म्हणजे फोकस करायचं, काम द्या. मग शटर बटण फक्त फोटो काढतं, फोकस करत नाही. पक्षी यायच्या आधी पट्टीवरच्या एखाद्या गोगलगायीवर किंवा पडलेल्या पानावर फोकस करून अंगठा उचला. फटाकडी त्या रेषेत आली की फोकस जवळजवळ बसलेलाच असतो, उरलेला हाताने रिंग फिरवून जुळवा. या लेन्सवर ऑटोफोकस चालू असतानाही रिंग फिरवता येते. सतत अंगठा दाबून ठेवलात तर पहिली आडवी काडी आली की फोकस गेलाच. फोकस ट्रॅकिंग विथ लॉक-ऑन सगळ्यात लांब, म्हणजे 5 वर ठेवा. काडी आडवी आली की कॅमेरा लगेच उडी मारत नाही, क्षणभर थांबतो. आणि लेन्सवरचा लिमिटर, म्हणजे फोकसच्या अंतराला मर्यादा घालणारा खटका, 6 मीटर ते अनंत या खुणेवर. त्याने निदान नाकासमोरच्या काड्या तरी यादीतून जातात.

आता एफ/8, म्हणजे लेन्सच्या भोकाचं माप; आकडा मोठा तितकं भोक लहान. खोली, म्हणजे पुढेमागे स्पष्ट दिसणारा पट्टा, वाढावी म्हणून केलं असणार, पण इथे उलट काम करतं. 10 मीटरवर 500 मिमीला एफ/5.6 वर साधारण 9 सेंटीमीटर खोली मिळते, एफ/8 वर 13. फटाकडी आडवी उभी असेल तर तिचं अंग 9 सेंटीमीटरमध्ये आरामात बसतं. उलट एफ/8 ने अलीकडच्या काड्या जास्त ठळक होतात. एफ/5.6 वर लेन्सचं भोक 89 मिलिमीटर असतं. तुमच्यापासून मीटरभरावर बोटाएवढी जाड काडी असली तरी ती त्या भोकाचा थोडासाच भाग झाकते, बाकीचा उजेड तिच्या दोन्ही बाजूंनी येतो आणि काडी फोटोत विरून जाते, फार तर किंचित धुकट पडदा राहतो. पण पक्ष्याच्या वीतभर अलीकडे असलेली काडी कुठल्याही भोकाला विरत नाही. म्हणून बसताना पहिल्या प्रकारच्या काड्यांना घाबरू नका. दुसऱ्या प्रकारच्या असतील तर फट बदला.

शटर: चालणाऱ्या फटाकडीला 1/500 पुरतं. ती अडखळत चालते, दोन पावलं आणि थांबा. थांबली की बीनबॅगवरून (दाणे भरलेल्या पिशवीवरून) व्हीआर, म्हणजे लेन्समधला थरथर-रोधक, लावून 1/200 लाही धारदार येते, तेव्हा तीनचार फ्रेमच्या झुबक्यात काढा, त्यातली मधली बहुधा सगळ्यात स्थिर. 1/500 आणि एफ/5.6 केलंत की ज्या उजेडात तुमचा आयएसओ 5000 होता तिथे 800 होतो. मॅन्युअल मोड, ऑटो आयएसओ, वरची मर्यादा 6400. मागे गडद सावली आणि समोर फिकट पक्षी असेल तर कॅमेरा उजेड वाढवतो आणि पोट जळतं, तेव्हा एक्सपोजर वजा 0.7. मागे चकाकतं पाणी असेल तर अधिक 0.7.

"पिसं विरघळतात" हे मात्र फोकसचं नाही, अंतराइतकंच हवेचंही आहे. निफाडची जानेवारीतली पहाट माहीत आहेच. हवा गार, पाणी त्या मानाने कोमट, पाण्यावरून वाफा निघतात आणि 25 मीटरच्या थरातून बघताना सगळं थरथरतं. उपाय एकच, अंतर कमी करणं. आणखी एक छोटी चूक लोक हमखास करतात: हीटर लावलेल्या गाडीतून लेन्स काढली की लगेच फोटो. हूडमध्ये अडकलेली गरम हवा स्वतःच थरथरते. लेन्स अर्धा तास बाहेरच्या हवेला येऊ द्या, तोवर हूड उलटा किंवा काढलेला.

एवढं करूनही सगळेच धूसर येत असतील तर 10 मीटरवर छापील कागद लावून एकदा व्ह्यूफाइंडरने, एकदा लाइव्ह व्ह्यूने (मागच्या स्क्रीनवर बघून) फोकस करून तुलना करा. लाइव्ह व्ह्यूचा फोटो स्पष्ट आणि दुसरा नाही, असं झालं तर एएफ फाइन-ट्यून, म्हणजे ऑटोफोकसची बारीक जुळणी, करायची गरज आहे.

---

तिबोटी

चौथ्या प्रश्नाला: नको.

आवाज वाजवल्यावर फटाकडी येते ती दुसरी फटाकडी हद्दीत शिरली असं समजून. ती उघड्यावर येऊन शांत उभी राहत नाही. काड्यांच्या आतल्या आत फेऱ्या मारते, म्हणजे फोटोलाही उपयोग नाही. दोनचार वेळा फसली की ती जागा सोडते, आणि दुसऱ्या दिवशी तिथे बसणाऱ्याला रिकामी पट्टी मिळते.

शिवाय ही जागा अभयारण्य आहे, आणि रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आलेली राज्यातली पहिली. 1972 च्या वन्यजीव कायद्यात "शिकार" या शब्दाच्या व्याख्येतच प्राण्याला हाकणं आणि आमिष दाखवणं येतं, पक्ष्यांच्या बाबतीत घरटं आणि अंडी विचलित करणंही. म्हणजे फटाकडी बाहेर यावी म्हणून टाळ्या वाजवणं, ढेकूळ मारणं, अळ्या टाकणं, सगळं त्याच खात्यात. अधिवासात बदल न करता फोटो काढायला परवानगी मिळते. "दोन काड्या आड येत होत्या म्हणून मोडल्या" हा बदलच झाला. मोडलेल्या काड्यांमुळे आतलं घरटं कावळ्यांना आणि घारींना दिसतं, ते वेगळंच.

वाट सोडून काठाला बसायचं असेल तर वनखात्याला आधी विचारा. नाही म्हणाले तर गावाबाहेरच्या ओढ्या-नाल्यातलं पाणकणीस बघा. सांडपाणी असतं तिथे ते माजतं, फटाकड्या असतात आणि माणसांच्या वर्दळीला सरावलेल्याही असतात. मोरीजवळ गाडी उभी करून, काच अर्धी खाली, इंजिन बंद. गाडीइतकी चांगली लपण दुसरी नाही.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार, अंतराचा हिशेब बघून डोकं धरलं. तिसरा प्रश्न राहिला. ट्रायपॉडचे पाय पूर्ण फाकवले तरी लेन्स दीड फुटाच्या वर राहते आणि मऊ गाळात पाय रुततात. जमिनीलगत कसं न्यायचं?

---

दिवड

घमेलं.

बांधकामावरचं लोखंडी घमेलं घ्या, प्लास्टिकचं नको, वजनाने वाकतं. बुडाच्या बरोबर मध्ये 10 मिलिमीटरच्या ड्रिलने भोक पाडा. ट्रायपॉडचा बॉल हेड काढून बघा, त्याच्या तळाला 3/8 इंची आटे असतात, इंचाला 16. हार्डवेअरच्या दुकानात 3/8 बीएसडब्ल्यू बोल्ट मागा, त्यालाही इंचाला 16 आटेच असतात आणि हेडमध्ये बसतो. मिलिमीटरचा एम10 देतील तर घेऊ नका. एकदोन आटे जातो, मग अडकतो, जोर केला तर हेडचे आटे कापतो.

बोल्ट खालून घालायचा. घमेल्याच्या बुडाला दोन्ही बाजूंनी रुंद वॉशर, खाली एक रबरी वॉशर म्हणजे भोकातून पाणी येत नाही. बोल्टची वर निघालेली लांबी 8 मिलिमीटरच्या आसपास हवी. जास्त असेल तर तो हेडच्या आत टेकतो, हेड घट्ट झाल्यासारखा वाटतो पण फिरत राहतो. मग खाली आणखी वॉशर घाला. बोल्टचा माथा खाली टोचतो, गाळात ते चालतं.

लेन्सचा मध्य आता गाळापासून 20 ते 25 सेंटीमीटरवर येतो. घमेलं गाळावर तरतं, रुतत नाही, पुढे-मागे ढकललं की घसरत सरकतं आणि आवाज होत नाही. कडेवर हात टेकता येतात. लेन्स जमिनीलगत गेली की पक्ष्यामागचा चिखल जाऊन दूरची पाणकणसाची भिंत येते, ती पूर्ण विरते आणि पक्षी सुटा दिसतो. तुमच्या कॅमेऱ्याचा स्क्रीन वर कलतो, त्यामुळे चौकट जुळवायला मान मोडत झोपायची गरज नाही. पण लाइव्ह व्ह्यूचा फोकस संथ असतो, म्हणून भिंगवाला यांच्या पद्धतीने फोकस आधी बसवून ठेवा.

घमेल्याचा खटाटोप नको असेल तर बीनबॅग. तीन किलोची पिशवी दोन तृतीयांश भरायची, गच्च भरली तर लेन्स वर डुगडुगते. तांदूळ भरू नका, ओल लागली की फुगतो आणि आठवड्यात वास मारतो. मक्याचे वाळलेले दाणे बरे. खाली युरियाची रिकामी गोणी.

अंगाखाली ताडपत्री, पायात गमबूट, सोबत दुसरा माणूस. गाळ मांडीपर्यंत असू शकतो आणि वरून कळत नाही, काठीने चाचपल्याशिवाय पाऊल टाकू नका. बांधाच्या दगडांत घोणस असते, पहाटे टॉर्च लावूनच बसायची जागा बघा. पायाला जखम असेल तर त्या दिवशी जाऊ नका, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) भीती असते.

---

गाळपेर

गोदाकाठ यांनी पावसाळ्यातल्या तापसाचं विचारलं होतं, ते राहिलं.

पिवळ्या तापसाचं गणित निराळं. तो चिखलावर नाही, काड्यांवर असतो. एका पायात एक काडी, दुसऱ्या पायात दुसरी, मधे लोंबकळल्यासारखा पाण्यावर वाकलेला. म्हणून इथे पट्टी नाही, पाणकणीस आणि उघडं पाणी यांची उभी कड शोधायची, समोर मासे खेळतील एवढं स्वच्छ पाणी हवं. जलपर्णीने झाकलेलं असेल तर तो तिथे मासे मारत नाही. संशय आला की चोच आभाळाकडे करून ताठ उभा राहतो, गळ्यावरच्या उभ्या रेघा काड्यांत मिसळतात. तो तसा उभा राहिला म्हणजे तुम्ही जास्त जवळ आहात किंवा हललात. लेन्सवरचा हातही खाली घेऊ नका. मान खाली आली आणि पाण्याकडे बघू लागला की पुन्हा काम सुरू. मान एकदम दुपटीने लांब होते, त्यामुळे चौकटीत चोचीच्या दिशेला भरपूर जागा सोडा, नाहीतर झडपेच्या क्षणी डोकं कापलं जातं. झडपेसाठी 1/1600 लागतो, तुमचा जुना आकडा इथे कामाला येईल.

उडताना पाठ पिवळसर आणि पंखांची टोकं व मागची कड काळी, फार सुंदर दिसतं, पण उड्डाण पाणकणसाच्या शेंड्यांवरून पाच-सात सेकंदांचं. उतरला तिथे फोकस लावून बसू नका, आतून चालत तो भलतीकडेच निघतो.

जुलै-ऑगस्टमध्ये एकाच जागी तो वारंवार ये-जा करताना दिसला तर आत पिल्लं आहेत. तिथून उठा आणि निदान पन्नास मीटर सरका.

---

भिंगवाला

एक पुरवणी, मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेरेवाल्यांसाठी, कारण पुढे कोणीतरी विचारणारच. पक्ष्याचा डोळा ओळखणारा फोकस पाणकणसात सुरुवातीलाच काडीवर जातो आणि पक्षी समोर असून त्याला दिसत नाही. सगळ्यात लहान बिंदूने पक्ष्याचं अंग पकडा, पकडल्यावर मग डोळा-ओळख चालू होईल असं बटण नेमा. तापसाच्या उड्डाणासाठी प्री-कॅप्चर, म्हणजे बटण पूर्ण दाबायच्या आधीचे क्षणही साठवणं, कामाचं आहे. निकॉन झेड8 वर ते फक्त जेपेगमध्ये मिळतं, तेव्हा एक्सपोजर आधीच बरोबर हवं, नंतर सावरता येत नाही.

---

गोदाकाठ

3/8 बीएसडब्ल्यू मिळाला, पाऊण इंचाचा, चार वॉशर लागले. काड्यांवरचा ओला पट्टा आज वीतभर आहे.